पुस्तकात नसलेलं वाक्य

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. एकदा बहिणीला सांगायला म्हणून बसले, आणि ऐन वेळी विषय कैरीच्या लोणच्यावर नेला. तुम्ही माझे कोणी नाही, म्हणून कदाचित जमेल. जमतंय का बघते.

मी एक थाप मारली होती. तुम्ही म्हणाल, एवढंच? थापा कोण मारत नाही? खरंय. पण माझ्या थापेपायी एका बाईला तिच्या नवऱ्याचा चेहरा पुन्हा कधी दिसला नाही. आता हे असं एकदम सांगून तुम्हाला काय कळणार... पहिल्यापासून सांगते.

हिंगोलीच्या एका कॉलेजात पत्रकारितेचा आणि फोटोग्राफीचा डिप्लोमा निघाला होता. मी शहरातलीच. वडील कचेरीत कारकून, घरात इंग्रजी पेपर यायचा. तो वाचायचं कोणी नाही, पण यायचा, आणि आलेला शेजाऱ्यांना दिसायचा. मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. वर्गातली बाकीची मुलं आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येणारी. सरांनी पहिल्याच महिन्यात एक पुस्तक लावलं. फोटो कसा काढावा, यावरचं नव्हे हं. फोटो म्हणजे मुळात काय, यावरचं! सगळं इंग्रजीत, एकेक वाक्य अर्धं पान चालणारं, आणि फोटोंवरच्या त्या पुस्तकात फोटो सापडायचे चारदोन, तेही काळेकुट्ट. लायब्ररीत एकच प्रत. तिची झेरॉक्स, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स, असं करत ते आमच्यापर्यंत आलं तेव्हा निम्मी अक्षरं वाटेतच गळाली होती. मराठीत ते पुस्तक नव्हतं. आजही नाही.

शिरड शहापूरचा गजानन होता आमच्यात. त्याला लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या, दुसरं काही नको होतं. तो म्हणायचा, "आमी फोटो काढाया आलो का फोटोचं पोस्टमार्टेम कराया?" सगळे हसायचे. पण परीक्षेत त्या पुस्तकावर अख्खा पेपर होता, त्यामुळे हसून भागणार नव्हतं. मग ठरलं — दुपारी कॉलेजमागच्या निंबाखाली बसायचं, मी इंग्रजी मोठ्यानं वाचायचं आणि मराठीत सांगायचं.

वासरात लंगडी गाय शहाणी. ती गाय मी.

आणि खरं सांगू? पहिल्या प्रकरणाच्या दुसऱ्या परिच्छेदानंतर मला काहीही कळलं नव्हतं. शब्द ओळखीचे होते, पण ते एकत्र येऊन काय म्हणतायत ते कळेना. मग मी म्हणायला काय हरकत होती, की बाबांनो, मलाही समजत नाही? गजानन हे दिवसातून दहादा म्हणायचा. त्याचं काय बिघडलं? पण मला म्हणता आलं नाही. मी तोंड उघडायची लोक वाट बघतायत, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. आमच्या घरात मला कोणी विचारत नव्हतं, भाजी कोणती करायची इतकंही. इथे मी पान उलटलं की चारजणांच्या माना पुढे यायच्या. मी सांगत गेले. जे कळलं नाही ते मनानं रचून सांगत गेले. पान बोलायचं एक, मी बोलायचे दुसरं.

ऐकणाऱ्यांत विशाखा होती. कुरुंद्याची. तिचं नाव मी बदललेलं नाही, मुद्दाम.

विशाखा शाळेत जायच्या वयाची होती तेव्हाच तिचे वडील वारले. हळद शिजवायच्या कढईवर मजुरी करायचे. मागे आई, विशाखा आणि धाकटा भाऊ. आई दुसऱ्यांच्या शेतात हळद काढायला जायची, आणि तेवढ्यावर तिनं दोन्ही लेकरं शिकवली. बौद्ध घर. नवस नाही, अंगारा नाही, जे खरं असेल तेवढंच मानायचं हे त्या घरचं वळण. आम्ही पुस्तक वाचायचो पास होण्यासाठी. विशाखा मात्र त्या पुस्तकाशी खरोखर भांडत होती. ती मला थांबवायची. हे असं काहून म्हणतो तो? मग आरशाचं काय? मग चित्राचं काय? मला घाम फुटायचा. सरांनी एकदा भर वर्गात म्हटलं, की हे पुस्तक या वर्गात कोणी वाचत असेल तर ती विशाखा. मी इंग्रजी वाचून दाखवायची आणि वाचणारी ती? माझा जळफळाट झाला. होय, जळफळाट. दुसरा शब्द शोधत बसत नाही.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं तो प्रश्न विचारला.

तुम्ही आमच्या भागातले नसाल तर आधी सांगायला हवं. गेलेल्या माणसाचा धड फोटो नसला, तर इकडे स्टुडिओवाला एक करून देतो. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये खांद्यापर्यंतची धडं तयार असतात, कोट घातलेली, टाय लावलेली. त्यांवर गेलेल्या माणसाचा चेहरा बसवायचा, मागे निळा पडदा टाकायचा, फ्रेम करायची आणि हार घालायचा. जन्मात कोटाची बाही न बघितलेली माणसं इकडच्या भिंतींवर कोटात बसलेली असतात. विशाखाच्या वडिलांचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीतला. एका कडेला ते, हातात वरणाची बादली. वारंगा फाट्यावरच्या स्टुडिओनं त्यातून चेहरा उचलून निळ्या कोटावर बसवून दिला होता. घरात तेवढाच.

तिनं विचारलं, हा फोटो माझ्या वडलांचा हाय का न्हाई? पुस्तक काय म्हनतं?

किती खरा प्रश्न होता! त्या अख्ख्या वर्षात विचारला गेलेला एकच खरा प्रश्न. आणि मी काय केलं? मी पानं उलटली. भराभर, जणू जागा मला ठाऊक आहे. एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे बघ, इथे लिहिलंय — "ज्या फोटोत देह दुसऱ्याचा, तो फोटो त्या माणसाचा नव्हे, त्याला घातलेला हार परक्याच्या गळ्यात पडतो."

उचलली जीभ लावली टाळ्याला. असलं काहीही त्या पानावर नव्हतं. वाक्य माझं होतं, आणि — हे सांगताना लाज वाटते — मला ते आवडलं. गजानन म्हणाला, "लई कडक बोललं बुवा पुस्तक." विशाखानं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, शब्द न बदलता.

त्यानंतर आठवडाभर ती कॉलेजला आली नाही.

आली तेव्हा तिच्याकडूनच कळलं. तिच्या डोक्यात ते वाक्य घुसून बसलं होतं. घरी भिंतीकडे बघवेना. मग तिनं विचार केला, चेहरा तर खरा आहे ना, मग तेवढाच ठेवू. परक्याचं धड कापून टाकू आणि चेहरा मोठा करून आणू. आई शेतात गेल्यावर तिनं फ्रेम उघडली. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत ती, फोटो काचेला आतून चिकटून बसला होता. ओढला तर चेहऱ्याचा कागद काचेवरच राहू लागला. पाण्यानं सुटेल म्हणून तिनं ओला फडका लावला. स्टुडिओच्या प्रिंटरची शाई ती. रंग फडक्याला आला.

कोट राहिला. चेहरा गेला.

ती तशीच फाट्यावर पळाली. स्टुडिओच्या जागी मोबाईलचं दुकान झालं होतं, मालक गाव सोडून गेलेला. पंगतीतला मूळ फोटो त्यानंच ठेवून घेतला होता. ज्यांचं लग्न होतं त्यांच्याकडे अल्बममध्ये तेवढीच जागा रिकामी. विशाखा हे सगळं सांगत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तेव्हा तरी सांगावं की नाही? मी सांगणारच होते, विशाखा, ते मी रचलं होतं गं. तेवढ्यात ती म्हणाली, तू घरी चल. आईला ते पान वाचून दाखव. मी मनानं काही केलं न्हाई, पुस्तकात हाय, एवढं तिला कळू दे.

आणि मी गेले.

हेच ते. पहिली थाप एकवेळ जिभेवरून घसरली म्हणाल, पण कुरुंद्याला मी एसटीत बसून गेले. विचार करायला अख्खा रस्ता होता. उतरून परत फिरता आलं असतं. मी मांडीवर ती झेरॉक्स घेऊन बसले होते, आणि सगळा वेळ एकच बघत होते, की कोणतं पान उघडलं म्हणजे खरं वाटेल.

त्यांचं घर झाडून लख्ख. भिंतीवर खिळा तसाच होता, त्याखाली भिंतीचा चौकोन जरा उजळ. आईनं मला बसायला पाट दिला. मी पान उघडलं, इंग्रजीतून दोन ओळी मोठ्यानं वाचल्या, कशाच्या ते मलाही माहीत नव्हतं. मग मराठीत ते वाक्य म्हटलं. माझा आवाज स्वच्छ होता. थरथरला असता तर निदान...

आई ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला काय ठावं न्हवतं व्हय बाई, कोट त्यायचा न्हाई म्हनून? कोट मीच पसंद केला. त्यानं चार दाखवले, त्यातला निळा मी म्हनलं."

मग चुलीकडे वळत, "पुस्तक लिवणाऱ्याच्या घरी फोटो असतील बक्कळ."

एवढंच बोलली ती. पोरीला रागावली नाही. मला म्हणाली, च्या घे, दुरून आलीस. मी चहा घेतला. तिच्या घरात, तिच्या कपातून, त्या रिकाम्या खिळ्यासमोर बसून मी चहा संपवला. ते पान अजून माझ्या मांडीवर उघडं होतं.

पुढे डिप्लोमा झाला. गजाननाचं लग्नाच्या फोटोंचं बरं चाललंय. विशाखा वसमतला एका शाळेत शिकवते. आणि मी, बघा कसं असतं, त्याच कॉलेजात तासिकेवर तेच पुस्तक शिकवते. आता मी ते खरंच वाचलंय. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, कितीदा तरी. वेड्यासारखी ते वाक्य शोधत वाचलंय, की चुकून, नशिबानं, कुठेतरी असेल. नाही. त्याच्या जवळपास जाणारंही काही नाही. त्या दिवशी कुरुंद्यात उघडलेल्या पानावर कागद पिवळा का पडतो याची चर्चा आहे.

आताची पोरं मोबाईलवर भाषांतर करून घेतात, ते भाषांतर पुस्तकापेक्षा अवघड निघतं, मग डोकं धरून बसतात. परवा एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, काहीच समजून न्हाई राहिलं." मला तिचा हेवा वाटला, इतका की फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

इथवर असतं तर कदाचित मी ही गोष्ट अशीच घेऊन मेले असते. पण या उन्हाळ्यात विशाखाची आई गेली.

पुण्यानुमोदनाला, गेलेल्या माणसासाठी बौद्ध घरात करतात त्या कार्यक्रमाला, मी गेले. भिंतीवर आईचा फोटो लावला होता, मोबाईलवर काढलेला, आजारपणातला. वंदना झाली, जेवणं झाली, घरची माणसं उरली. तेव्हा भाऊ बोलला. म्हणाला, आता कॉम्प्युटर चेहरा करून देतो. माझा, काकांचा फोटो दिला, तर बाबांसारखा चेहरा बनवून आईशेजारी बसवतील. मग त्याचा आवाज फुटला. आईनं शेवटी शेवटी तेच मागितलं होतं. म्हणायची, तसा तर तसा, बनवलेला तर बनवलेला, येकदा दावा रे मला. ताईनं करू दिलं नाही.

विशाखा रडत होती. पण हटली नाही. म्हणाली, खोटा चेहरा आईच्या शेजारी मी बसवू देणार न्हाई. माझ्या मनाचं न्हाई सांगत, पुस्तकात लिहिलंय. विचारा हिला. ही तेच पुस्तक शिकवते.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी सांगू शकत होते. आई गेली होती, तिचं आता काही भरून येणार नव्हतं, पण भावाचं आलं असतं. विशाखाचंही, कदाचित — की कोसळली असती ती? आईची शेवटची इच्छा आपण कशापायी मोडली, हे कळून? हा विचार तेव्हा माझ्या मनात आला असं म्हणायला मला आवडेल. पण आला नव्हता. मला फक्त एवढंच दिसत होतं, की सगळे माझ्याकडे बघतायत आणि माझ्या बोलण्याची वाट बघतायत.

मी म्हणाले, हो, तसंच लिहिलंय.

भाऊ उठून बाहेर गेला. विशाखा माझ्याजवळ सरकली, माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि म्हणाली, तू आलीस म्हणून बरं झालं. मी हात सोडवून घेतला नाही.