शेवट माहीत नसलेला सीन

त्या रविवारनंतर माझ्यासमोर कुणी ‘वा, काय बारकावा आहे!’ म्हणालं ना, की माझ्या डोक्यात तिडीक जाते. बरेच महिने झाले, अजून जाते. मी मुळातच तापट आहे. पण हा राग तसला नाही, हा काही उतरत नाही.

आम्ही जुन्या सिनेमांचे वेडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी पार्ल्यात सरांच्या घरी जमायचो. सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, पण जीव सगळा सिनेमात. त्यांच्या हॉलच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून एखादा काळा-पांढरा सिनेमा बघायचा, मग पोहे, मग भांडण. अगदी खरंखुरं भांडण. एका सिनेमातला जंगलातला पाठलाग आरे कॉलनीत घेतला की स्टुडिओत खोटी झाडं उभी करून घेतला, यावरून साठी उलटलेल्या दोन माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ होते, ते विचारा न विचारा, प्रत्येक सिनेमाचं साल सांगायचे. मी त्यांना मनातल्या मनात सालवाले म्हणायचे. आणि मला हे सगळं जाम आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू? घरात माझी सिनेमाची बडबड ऐकायला कुणी तयार नव्हतं. तिथे मात्र सगळे कान टवकारून बसलेले.

पोह्यांनंतर आमचा एक खेळ असायचा, ‘ओळखा’. एकाने उभं राहून एखाद्या सिनेमातला सीन सांगायचा. नावं घ्यायची नाहीत. नट नाही, नटी नाही, गाणं नाही. सगळं आत्ता समोर घडतंय असं सांगायचं. मग बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि सांगणाऱ्याने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं, तिसरा शब्द काढायचा नाही. कुणालाच ओळखता आला नाही तर तो जिंकला आणि पुढच्या महिन्याचा सिनेमा त्याच्या पसंतीचा. हा नियम सरांनी केला होता आणि सर तो काटेकोर पाळायचे. तिसरा शब्द निघाला की टेबलावर चमचा आपटायचे.

या खेळात आमच्यातल्या काकांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. काका मालाडचे, मूळ मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे स्वतः छापखान्यात होते. बायको जाऊन काही वर्षं झालेली. सीन सांगायला लागले की समोर कॅमेरा हलताना दिसायचा. ‘आता तो हळूहळू जवळ येता, म्हातारीच्या हातार थांबता,’ असं मधूनच मालवणीत घसरायचे आणि आम्ही खिळून बसायचो. आणखी एक म्हणजे, सिनेमा कितीही भिकार असो, शेवट बघितल्याशिवाय ते कधी उठले नाहीत. एकदा सरांकडची वीज गेली, आम्ही सगळे घरी गेलो, हे एकटे बसून राहिले वीज येईपर्यंत.

पूर्वी ते बसने एकटेच यायचे. मग एकाएकी मुलगा स्कूटरवरून सोडायला यायला लागला. खाली सोडून जायचा नाही, वर यायचा आणि दाराजवळच्या स्टुलावर मोबाइल बघत बसायचा, सगळं संपेपर्यंत. आम्ही काय कौतुक केलं त्याचं! आजकाल असा मुलगा कुठे मिळतो, वगैरे. काका काही बोलायचे नाहीत. हसायचेसुद्धा नाहीत, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं? सिनेमात नायिकेच्या कानातलं पुढच्या शॉटमध्ये बदललं की आम्हाला लगेच दिसायचं.

तर त्या रविवारी काका उभे राहिले. नेहमीसारखे पुढे आले नाहीत, खुर्चीची पाठ धरून तिथेच उभे.

‘सकाळ,’ ते म्हणाले. ‘तिसरा मजला. म्हातारा टेबलाशी बसून चहा पितोय. सून डबे भरते. मुलगा बूट घालतो. दोघं बाहेर पडतात, दार बंद होतं. पडद्यावर नुसतं बंद दार. आणि बाहेरून कुलूप लावल्याचा आवाज.’

‘वा!’ सर म्हणाले. ‘आवाजाचा काय बारकावा आहे!’

‘म्हातारा उठत नाही. कपात बघत बसतो. कट. दुपार. म्हातारा खिडकीत. खाली माणसं येतात, जातात. एक ओळखीचा वर बघून हात करतो, हा पण हात करतो. हाक मारत नाही. लाज वाटते. कट. संध्याकाळ. घरात अंधार, म्हातारा दिवा लावत नाही. कुलूप निघाल्याचा आवाज येतो, तेव्हा उठून दिवा लावतो. संपला सीन.’

आणि तुटून पडले सगळे. मला तो गलका अजून जसाच्या तसा ऐकू येतो.

‘रंगीत की काळा-पांढरा?’

‘रंगीत,’ काका म्हणाले. ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल असा प्रश्न विचारा म्हणून सरांनी आधी चमचा आपटला आणि मग ‘अरेरे, रंगीत!’ म्हणून तोंड वाकडं केलं. सालवाल्यांनी ताबडतोब रंग येण्याआधीचे सगळे सिनेमे बाद करून टाकले.

‘घरात टेलिफोन आहे का? त्यावरून दशक ठरेल.’

‘होता,’ काका म्हणाले.

टण्! ‘होता चालणार नाही. आहे की नाही?’

‘नाही.’

‘म्हातारा खलनायक आहे का? त्याने पूर्वी काही पाप केलंय?’

सगळे पुढे झुकलेले. ‘नाही,’ काका अगदी हळू म्हणाले. ‘म्हणजे, तो गॅस...’

टण्!

मग भांडण लागलं. एक बाई म्हणाल्या, हा दक्षिणेकडचा रिमेक आहे, मूळ सिनेमात म्हातारा नसून म्हातारी आहे. दुसरं कुणी म्हणालं, छे, नाटकावरून घेतलाय, एकाच खोलीत सगळं घडतंय ना. मुलाचं काम कुणी केलं, कॅमेरा कुणाचा, अशी चर्चा चाललेली आणि मधे काका खुर्चीची पाठ धरून उभे. दाराजवळ मुलाने मोबाइल खिशात ठेवला होता.

शेवटी सरांनी विचारलं, ‘शेवट गोड आहे का?’

काका म्हणाले, ‘माहीत नाही.’

‘माहीत नाही?’ सर हसले. ‘अहो काका, बघितलाय ना सिनेमा? हो की नाही सांगा.’

या माणसाला शेवट माहीत नाही? मी त्यांच्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. मुलाचं तोंड पांढरं पडलं होतं.

‘काका,’ मी म्हणाले, ‘हे घर मालाडला आहे का?’

‘हो.’

‘मुंबईत घडणारे खूप आहेत,’ सालवाले म्हणाले. मी त्यांना गप्प बसा म्हणाले. त्याआधी आणखी एक शब्द म्हणाले, तो इथे लिहीत नाही.

‘काका, हे आत्ता चालू आहे का? रोज?’

‘हो.’

‘तो म्हातारा या खोलीत आहे?’

त्यांनी खुर्ची सोडली आणि खाली बसले. ‘हो,’ म्हणाले. ‘हो गो बाय.’

मुलगा उठून पुढे आला. ‘चला बाबा.’ मग आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाला, ‘काय बघताय? दोनदा गॅस चालू ठेवला त्यांनी. बिल्डिंगची वाट लागली असती. माझ्या ऑफिसात दिवसभर फोन करत बसायचे, माझी नोकरी जायची पाळी आली, म्हणून फोन काढला. माणूस ठेवला, त्याला यांनी हाकलला. मी काय करू? तुम्ही येता त्यांच्याजवळ बसायला? बोला ना, कोण येतंय?’

मुलगा अगदीच राक्षस असता तर सोपं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण त्याचा आवाज फाटला होता. तरी माझा राग काही कमी झाला नाही. आग लागली तर कुलूपबंद माणूस बाहेर कसा येणार, हा साधा प्रश्न याला पडू नये? विचारला मी.

आणि आमची मंडळी! एकजण बशीतला पोह्याचा दाणा टिपत होता. सालवाल्यांना चष्म्याची काच पुसायची तेव्हाच आठवण झाली. हीच माणसं पडद्यावर बापाला घराबाहेर काढलं की रुमाल काढून रडायची. मी स्वतः बघितलंय रडताना, शेजारी बसून. सर घसा खाकरून म्हणाले, ‘हे बघा, हा त्यांचा घरगुती प्रश्न आहे. आपण इथे सिनेमासाठी जमतो. आणि नियमाप्रमाणे सीन प्रदर्शित सिनेमातलाच हवा.’

नियमाप्रमाणे! माझा असा भडका उडाला की खालच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली म्हणे. ‘सर, लाज वाटू द्या जरा,’ मी ओरडले. ‘त्या माणसाला दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही, म्हणून त्याने तुमच्या खेळात सांगितलं. पहारा दाराशी बसलेला. आणि तुम्ही काय केलंत? चमचा आपटलात! तो गॅसचं सांगत होता, तर गप्प केलंत त्याला!’ आणखीही पुष्कळ बोलले. त्यातलं थोडंफार चुकीचं होतं, पण एक शब्दही मी परत घेणार नाही.

मग मुलासमोर हात पुढे केला. ‘मी येते. घरून काम करते मी, लॅपटॉप कुठेही उघडता येतो. आठवड्यातले तीन दिवस माझे. उरलेल्या दिवसांचं तू बघ, पण कुलूप नाही. दे किल्ली.’

‘हिला विचारून सांगतो,’ तो म्हणाला. हिला म्हणजे बायकोला.

‘आत्ता दे. नाहीतर इथून थेट पोलिसांकडे जाते.’

त्याने जुडग्यातून किल्ली काढली. काढताना त्याचं नख मोडलं. काका मान खाली घालून बसले होते, त्यांनी वर बघितलंच नाही. आणखी कुणी ‘मीही येतो’ म्हणालं का? छे, एकही नाही. संध्याकाळी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुढच्या सिनेमासाठी मतं मागवली होती. मी ग्रुप सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालाडला गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बघते तर दाराला कुलूप. कालच्या एवढ्या तमाशानंतरही! जिन्यातच मी त्या मुलाला फोन लावला. सवयीने लावलं म्हणाला. सवयीने! मी एवढी संतापले होते की किल्ली भोकात जाईना.

दार उघडलं तर काका समोरच उभे, इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. किती वेळ तसे उभे होते कोण जाणे.

‘चला काका, खाली जाऊन चहा पिऊ,’ मी म्हणाले.

ते हलले नाहीत. ‘त्याका विचारलंस मा गो?’

‘कशाला विचारायचं? घर तुमचं आहे.’

‘तो रागावतलो,’ ते म्हणाले.

ज्याला कडेवर घेऊन फिरवलं, तो रागावेल म्हणून हा माणूस स्वतःच्या घरात भिऊन उभा होता. मला इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना बाहेर ओढलं. हो, ओढलं. चपला सापडल्या नाहीत, तसेच अनवाणी आले.

मी वळून दार ओढलं आणि कुलूप लावायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं.

‘नको गो,’ ते म्हणाले. ‘वायच उघडा रवांदे.’

मी दार पुन्हा सताड उघडलं. आम्ही तसेच जिना उतरायला लागलो.