डोळे दाखवायचे राहिले

माझी मुलगी सातव्या महिन्यातच झाली, जळगावच्या एका दवाखान्यात. नव्वदीतली गोष्ट. वजन किलोभरसुद्धा नाही. महिनाभर काचेच्या पेटीत होती, त्यातले कितीतरी दिवस ऑक्सिजनवर. मी काचेबाहेरून बघत राहायची. आज आहे, उद्या असेल का?

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "ताई, आता हिचे डोळे तपासून घ्या. दिवस कमी, वजन कमी, त्यात इतका ऑक्सिजन. अशा बाळांच्या डोळ्यातला पडदा बिघडू शकतो, आणि वरून काही कळत नाही. धुळ्याला दाखवा, याच आठवड्यात."

एरंडोलला घरी आलो. सासूबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं. अक्का म्हणाल्या, "आते? सव्वा महिना व्हवू दे, मंग लई जा." बाळ-बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. पण अक्कांनी तो मोजायला घेतला घरी आलो त्या दिवसापासून! दवाखान्यातले दिवस त्यांनी धरलेच नाहीत. शेक नाही, धुरी नाही, ते कसलं बाळंतपण? आणि आमचे हे! चावडीवर चार माणसांना गप्प बसवणारा माणूस, आईपुढे तोंडातून ब्र नाही.

अक्का आंघोळीला गेल्या की मी बॅटरी घ्यायची आणि पोरीच्या डोळ्यांवर उजेड पाडायची. पापण्या मिटल्या की जिवात जीव यायचा. दिसतंय ग बाई, दिसतंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच धास्ती, पुन्हा बॅटरी. असं रोज चाललं.

सव्वा महिना भरला, देवदर्शन झालं, मग अक्कांना घेऊन आम्ही धुळे गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात थेंब घातले, पापण्या चिमट्यानं उघड्या ठेवल्या. ती किंचाळत होती. मी भिंतीकडे तोंड करून उभी. डॉक्टरांनी आधी उजवा डोळा तपासला, नंतर डावा, पुन्हा उजवा. मग म्हणाले, "उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. महिनाभर आधी आणायला हवं होतं. डावा वाचेल कदाचित, आजच्या आज मुंबईला न्या."

डावा वाचला, पण ते पुढे. त्या वेळी मी व्हरांड्यात अक्कांवर तुटून पडले. "घ्या! झाला ना तुमचा सव्वा महिना? माझ्या लेकीचा डोळा घेतला त्यानं!" लोक वळून बघत होते. बघेनात का!

अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांचाही चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाल्या, "मी त अडानी बाई शे. पन तू तरी एकदा म्हनी का, चाला म्हनीसन?"

नव्हते म्हणाले. एकदाही नाही. धुळ्याचे डॉक्टर काय सांगतील, या भीतीनं माझी गाळण उडाली होती. अक्का थांब म्हणाल्या तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.