परबकाकांच्या चपला

परबकाका कोणाच्याही घरी गेले की आधी खाली बघायचे. माणसाच्या तोंडाकडे नंतर. चाळीच्या मागच्या बाजूने यायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि माझ्या खुराड्यापुढच्या जमिनीवरून सावकाश नजर फिरवायचे. कोंबड्यांची शीट घट्ट, वर पांढरी टोपी असलेली दिसली की त्यांच्या कपाळावरची आठी सुटायची. "बरी आसत," म्हणायचे, आणि तेव्हा कुठे मी त्यांना दिसायचे. "तू कशी आसंस गो?" या प्रश्नाआधी माझ्या कोंबड्यांची पोटं साफ असावी लागायची.

पहिल्यांदा ते असे आले तेव्हा मी घाबरले होते. सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या आणि त्यांच्या कोंबड्या माझ्या गळ्यात पडल्या होत्या. करी रोडला आमची चाळ. तळमजल्याच्या खोल्यांमागे, जुन्या मिलच्या भिंतीला लागून एक चिंचोळी मोकळी जागा आहे, तिथे सासूबाईंचं खुराडं. मी दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसणारी बाई. कोंबडीशी माझा संबंध फक्त रविवारच्या रश्श्यापुरता. त्या दिवशी मागे खुडबुड ऐकून गेले, तर लेंगा घातलेला एक वाळकुडा म्हातारा उकिडवा बसून जमिनीवर काहीतरी निरखत होता. "काय हरवलं का?" मी विचारलं. मान वर न करता म्हणाला, "तुझी सासू सगळा माका इचारून करी. आता तू इचार." आवारातल्या शेवटच्या चाळीत एकटे राहणारे, छापखान्यातून निवृत्त झालेले परबकाका ते हेच. मला राग आला होता. पण दुसऱ्याच दिवशी एक कोंबडी लंगडायला लागली आणि मी त्यांच्या दारात उभी होते.

काळजी हा त्यांचा पूर्णवेळचा उद्योग होता. संध्याकाळी कोंबडी हातात घेऊन तिच्या गळ्याखालची पिशवी दाबून बघायचे, दाणे भरलेत की नाही. रिकामी लागली तर त्यांनाच जेवण जायचं नाही. मी म्हणायचे, "काका, सकाळी बघू ना." ते म्हणायचे, "कोंबी सांगणा नाय गो. आपणच बघूक व्हया." समोरच्या टॉवरमधून कोंबड्याच्या आरवण्याची तक्रार आली, तेव्हा त्यांनी बुटकं लाकडी खोकं करून आणलं. रात्री कोंबडा त्यात ठेवायचा, म्हणजे मान उंच करता येत नाही आणि पहाटे आरवता येत नाही. तक्रार थांबली. मग काकांना नवी काळजी लागली, की कोंबड्याची मान आखडली तर?

आमच्यात कोंबड्या पाळणारा तिसरा होता विजू. पलीकडच्या गल्लीत राहायचा, टेम्पो चालवायचा. तो काकांना चिडवायचा, "काका, किती टेन्शन घेता? कोंबडी आहे, आयसीयूतला पेशंट नाय." पण लस द्यायची वेळ आली की आम्हा दोघांचं काकांवाचून पान हलायचं नाही. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगावरच्या लसीची बाटली एकदा फोडली की ठेवता येत नाही, आणि एकीत कितीतरी कोंबड्यांचं काम होतं. म्हणून काका थर्मासात बर्फ घालून ती आणायचे आणि एकाच दिवशी तिन्ही खुराडी फिरून प्रत्येक कोंबडीच्या डोळ्यात थेंब सोडायचे. त्या वर्षी विजू शिमग्याला गावी गेला तो लवकर परतला नाही. त्याच्याशिवाय बाटली कशी फोडायची, म्हणून काकांनी लस पुढे ढकलली.

विजू परत आला आणि येताच, लस व्हायच्या आधीच, त्याने बाजारातून एक देखणा कोंबडा आणला. याच सुमाराला माझी कोंबडी चंद्री खुडूक झाली. काकांची कोंबडी राणी अंडी भरपूर घालायची, पण त्यांवर बसायची नाही. तांबूस अंगाची, मानेवर काळे ठिपके असलेली ही राणी काकांच्या फार जिवाची. काकींनी गावाहून डालग्यातून आणलेल्या कोंबडीची ती नात. काकी गेल्या, त्यांच्या हातचं काही उरलं असेल तर ते एवढंच. काकांनी राणीची अंडी आणली, प्रत्येकावर कोळशाने फुली काढली आणि ती चंद्रीखाली ठेवली. पिल्लं निम्मी त्यांची, निम्मी माझी, अशी रीतच असते. माझ्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्याखाली खोक्यात चंद्री रवणीला, म्हणजे अंडी उबवायला बसली.

आणि विजूच्या खुराड्यात मर लागली. आधी तो देखणा कोंबडा गेला, मग एक कोंबडी मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागली. काका धावले. तिला मांडीवर घेतलं, चोच उघडून पाणी पाजलं. तिथून तडक घरी जाऊन राणीला बघितलं आणि तिथून माझ्याकडे. एरवी सकाळ-संध्याकाळ येणारे काका आता ऊठसूट येऊ लागले. विजूकडून माझ्याकडे, माझ्याकडून घरी, परत विजूकडे. डोळे सतत जमिनीवर. चारच दिवसांत माझ्या खुराड्यापुढे हिरवी शीट दिसली.

माझी पहिली कोंबडी मेली तेव्हा आम्ही दोघं तिला पिशवीत घालून परळच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी कोंबडी बघितली आणि विचारलं, "आजारी खुराड्यातून तुमच्याकडे कोणाचं येणं-जाणं आहे का? हा रोग हातांना, चपलांना लागून येतो." काकांनी सवयीप्रमाणे खाली बघितलं. या वेळी स्वतःच्या चपलांकडे.

दवाखान्याबाहेर त्यांनी चपला काढल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. तापलेल्या फुटपाथवरून करी रोडपर्यंत अनवाणी चालत आले. मी टॅक्सी करू म्हटलं, तर ऐकलंच नाही. चाळीच्या तोंडाशी आल्यावर एवढंच बोलले, "माझ्याच चपलांनी हाडली गो मर." मला रडू आलं. ज्यांनी सगळ्यात जास्त काळजी केली त्यांच्याच पायांनी हे यावं, याचा मला आजही राग येतो.

विजूला कळलं तेव्हा तो भडकला. "म्हातारा घरोघरी फिरून रोग वाटत होता ना!" मी म्हटलं, "आणि कोंबडा कोणी आणला रे?" तो तोंड फिरवून निघून गेला. काकांनी मात्र कोंबड्याचं नाव कधी काढलं नाही की लांबलेल्या लसीचंही. राणी गेली त्या दिवशी त्यांनी खुराड्याच्या दाराला सुतळी बांधली आणि माझ्याकडे येणं बंद केलं. आता राणीचं जे काही उरलं होतं ते माझ्या ओट्याखाली, फुल्या मारलेल्या त्या अंड्यांमध्ये.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मागच्या खुराड्यातल्या कोंबड्या एकेक करून जात होत्या आणि घरात चंद्री डोळे मिटून बसलेली. ऑफिसातून आले की आधी आंघोळ, मग कपडे बदलायचे, मगच तिला दाणा. दारात फिनाइलच्या पाण्याचं घमेलं. घरातली माणसं वैतागली होती. काका समोरच्या नळापाशी उभे राहायचे, अलीकडे पाऊल टाकायचे नाहीत. तिथूनच विचारायचे, "उठली काय गो खायाक?"

एकदा चंद्री दिवसभर उठलीच नाही. संध्याकाळी उठली आणि भलतीच शीट टाकली. मी घाबरून बाहेर धावले. "काका, या ना! तुम्हीच बघा!" ते झटकन पुढे आले आणि अर्ध्या वाटेत थांबले. मग मागे सरकत पुन्हा नळापाशी गेले.

"नको. तूच बघ. कशी आसा?"

"मोठी आहे. काळपट. आणि वास सहन होत नाही."

"हिरवी नाय मां? पातळ?"

"नाही."

"मगे ती रवणीची आसा. दिवसभर धरून ठेवता ती. भियाव नको."

मला धीर देणारे काका नळाचा खांब घट्ट धरून उभे होते.

पुढच्याच आठवड्यात सकाळी ओट्याखालून बारीक चिवचिव आली. सगळी अंडी फुटली नाहीत, पण बरीच फुटली. मी काकांना हाक मारली. ते आले ते अनवाणी. दारातल्या घमेल्यात पाय बुडवून उभे राहिले, निघेचनात. आजवर ते माझ्या घरात कधी विचारून आले नव्हते. त्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "येव काय गो?"

आत आल्यावरही ते लांबच बसले, पिल्लाला हात लावला नाही. चंद्रीच्या पंखाखालून एक तांबूस डोकं बाहेर आलं, तेव्हा "राणीच ती," म्हणाले आणि सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले. पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्या निम्म्या वाट्यातली दोन त्यांनी स्वतःहून विजूला दिली. विजू मान खाली घालून उभा होता. "लस दिल्याबिगर कोंबो हाडू नको आता," एवढंच त्याला म्हणाले.

पुढच्या वर्षी काकांचं दुखणं निघालं आणि त्यांना परळच्या हॉस्पिटलात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा ते फार खंगले होते, बोलताना धाप लागत होती. खुराड्याची सगळी खबर मी त्यांना सांगितली. राणीच्या लेकी अंडी घालतात, लस वेळेवर झाली, विजूने थर्मास आणला. त्यांनी ऐकून घेतलं. मग उशीवरून मान जरा उचलून पलंगावरून खाली बघायचा प्रयत्न केला. मला वाटलं, पाणी हवंय. पण ते माझ्या चपला बघत होते.

"हयसून थेट कोंबड्यांकडे जाव नको," म्हणाले. "हंय सगळे आजारी. घराक गेल्यार आधी पाय धू."

दुसऱ्या दिवशी काका गेले. पण आदल्या संध्याकाळी त्यांना भेटून मी घरी आले, तेव्हा कोंबड्या मागे दाण्यासाठी कलकलाट करत होत्या आणि मी दारातच थांबले. चपला बाहेर काढल्या, घमेल्यात पाय सोडले आणि रडत रडत, टाचांपासून बोटांपर्यंत, ते नीट धुतले.