तमिळ बोलेल तो उभा राहील

म्हाताऱ्यांचे किस्से मी कधी गोळा केले नाहीत. इंजिनिअरिंग तिसऱ्या सेमिस्टरला सोडलं, घरात रिकामा मीच. म्हणून अज्जांना, म्हणजे आजोबांना, स्कूटरवरून दवाखान्यात, दिवसकार्याला आणि मित्रांकडे न्यायचं काम माझ्यावर आलं. किस्से मागच्या सीटवरून आपोआप साचत गेले.

आमच्या तंजावुरात नऊ मराठी म्हातारे रोज संध्याकाळी आमच्या दारापुढच्या कट्ट्यावर जमायचे. नियम एकच: तोंडून तमिळ शब्द गेला की उभं राहायचं, बैठक मोडेपर्यंत. घरी सुना-नातवंडांशी तमिळ, बँकेत तमिळ, देवळात तमिळ, आणि इथं ही शिस्त. देवनागरी मला यांच्यापैकी एकानंही शिकवली नाही. फोनवर शिकलो.

*

एकदा वाद निघाला, बसलोय त्या कट्ट्याला म्हणायचं काय? सगळे जन्मभर तमिळमधलं ‘तिण्णै’च म्हणत आलेले.

“ओटा,” अज्जा म्हणाले.

“तुमच्या घरी ओटा कोण म्हणतो, राव?” गोविंदरावांनी विचारलं.

“मी. आजपासून.”

तोवर वादाच्या भरात ‘तिण्णै, तिण्णै’ करून पाच जण उभे होते.

*

पुण्याहून एक प्राध्यापक आमची जुनी मराठी रेकॉर्ड करायला आले. ‘मज’, ‘तुज’ ऐकून हसले आणि शब्द सुधारू लागले.

अज्जा म्हणाले, “तुमची मराठी नवी दिसते. जपून वापरा.”

*

नवाचे सहा झाले, सहाचे तीन. तिसरे कृष्णाजीराव, ठार बहिरे. मुलानं कानाचं मशीन आणलं, ते खिशातच. लावत का नाही, असं मी ओरडून विचारलं.

“ऐकू कोणास? तुझ्या अज्जाचं सगळं मज पाठ आहे.”

पोंगलनंतर तेही गेले.

*

उरले तिरुवैयारूचे गोविंदराव. त्यांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला, आणि मराठी गेली. होतं असं कधी कधी, डॉक्टर म्हणाले, दोनातली एक भाषा राहते. त्यांची तमिळ राहिली.

अज्जा महिनाभर गेले नाहीत. “जाऊन बोलू काय?” एकटेच कट्ट्यावर बसून गुडघ्यांना तेल चोळायचे. जेवण निम्म्यावर आलं. शेवटी मी बोललोच.

“अज्जा, नियम पाळायला आता तुम्ही एकटेच उरलात. दोस्त पाहिजे की मराठी, ते ठरवा.”

तिसऱ्या दिवशी म्हणाले, “गाडी काढ.”

आता आठवड्यातून दोनदा नेतो. येताना मागे बसून काहीतरी बेसूर गुणगुणतात, गुडघ्यांचं नावही काढत नाहीत. पण पहिला दिवस सांगायलाच हवा.

चाळीस वर्षं हे दोघे एकमेकांना ‘अहो राव’ म्हणत आलेले. अज्जांना ‘अरे’ म्हणेल असं माणूस तर घरात, गावात कुणी उरलेलंच नाही. आम्ही आत गेलो. गोविंदरावांनी खाटेवरून डावा हात उचलला आणि तमिळमध्ये म्हणाले, “वा डा.” ये रे.

अज्जांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

“मला नाही,” मी म्हणालो. “तुम्हांला.”

अज्जांनी चपला काढल्या. खाटेच्या कडेला बसले, तो डावा हात मांडीवर घेतला.

“वंदुट्टेन डा,” म्हणाले. आलो रे.