म्हैसमाळच्या तळ्यावरचं मीठ

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतो. वाळूजच्या एका कारखान्यात, टूल रूममध्ये माझं आयुष्य गेलं. जे मोजता येत नाही ते मानायचं नाही, ही सवय तिथलीच. भूत, भास, संकेत... कशावरच कधी विश्वास बसला नाही. आजही भुताबद्दल काही सांगणार नाही. सांगायचं आहे ते मिठाबद्दल — आणि माझ्या एका थापेबद्दल.

विलास, कडूबा, रशीद आणि मी, आम्ही चौघं एकाच शिफ्ट-बसचे. आता सगळे रिटायर. आमच्यात स्वयंपाकी एकच, रशीद. सहल असो की कुणाच्या शेतातली पार्टी, नान शहागंजच्या बाजारातून यायचे आणि मटणाचा खलिया, म्हणजे नानसोबतचा झणझणीत रस्सा, रशीदनंच करायचा. माझाही हात बरा आहे, पण तो असताना मला कांदे चिरण्यापलीकडं कुणी काम दिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात विलासच्या मुलानं दोन तंबू घेतले आणि विलासला चेव आला. शनिवार-रविवार म्हैसमाळच्या डोंगरात, तळ्याकाठी राहायचं. रशीदला सांगायचं काम माझ्याकडं होतं. मी त्याला फोन केलाच नाही. बाकीच्यांना म्हणालो, "नको म्हणाला. थंडी सोसत नाही म्हणे." एकदा तरी खलिया मी करावा आणि वाहवा मला मिळावी, एवढंच मनात होतं. या वयात हे लिहिताना लाज वाटते.

जागा मात्र सुरेख होती. तीन बाजूंनी डोंगर, पिवळं पडलेलं गवत, पाण्यात बुड्या मारणारी टिबुकली पाखरं. विलासनं तंबू असा ठोकला की दार नेमकं कातळाकडं आलं. कडूबाचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. तो गवतावर आडवा झाला आणि म्हणाला, "आमचा बाप जल्मभर असाच उघड्यावर निजला. त्याला कुनी क्यांपिंग नाय म्हनलं."

ऊन उतरायला लागलं तशी मी चूल मांडली, डब्या उघडल्या. मसाले होते, सगळं होतं... मिठाची पुडी नव्हती. पिशवी झटकली, विलासची गाडी धुंडाळली. कडूबाच्या पिशवीत तंबाखू आणि चुना. खुलताबादला जाऊन मीठ आणता आलं असतं, पण मग कडूबानं मला जन्मभर सोडलं नसतं. मी तसंच मटण चुलीवर चढवलं.

मटण शिजल्यावर चाखलं. निव्वळ अळणी. विलासच्या बीपीसाठी मुद्दाम मीठ घातलं नाही, असं ठोकून द्यायचं ठरवलं आणि चुलीपाशीच बसून राहिलो. पातेल्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

वाढलं. पहिल्याच घासाला कडूबा चावायचा थांबला. मी बीपीचं वाक्य तोंडात तयार ठेवलं.

"आयला," तो म्हणाला, "रशीद आलता का रं गुपचूप?"

"खरंच, त्याचाच हात," विलास म्हणाला.

मला वाटलं, टिंगल चाललीय. मग मी खाल्लं. मीठ होतं. अगदी रशीद घालतो तसं — आधी जाणवत नाही, दुसऱ्या घासाला सगळं जागेवर बसतं.

"लई भारी," कडूबा बोटं चाटत म्हणाला. "आता रशीदला म्हनावं, तू नुस्ता जेवायला येत जा."

मी वाहवा घेतली. पोटभर घेतली.

घरी आलो तर बायको म्हणाली, "मीठ इथंच राहिलं की. कसं भागवलं?" पुडी ओट्यावर होती, दोरासुद्धा सुटलेला नव्हता.

काही दिवसांनी रशीदकडं गेलो. त्याच्याकडं व्याही जेवून गेले होते, पण त्याचा चेहरा उतरलेला. म्हणाला, "यार, शनिवार को समधी आए थे खाने पे. खलिया बनाया. अपने हाथ से नमक डाला, चखा तो फीका. फिर डाला. फिर फीका. सबके सामने नाक कटी. हाथ गया मेरा."

डॉक्टरनं तपासलं, सगळं ठीक निघालं. पण रशीदनं स्वयंपाक सोडला. ईदेला गेलो तर बिर्याणी बाहेरून मागवलेली, आणि हा सोफ्यावर पाहुण्यासारखा अंग चोरून बसलेला. शबानाभाभी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "देगची को हाथ नहीं लगाते. डरते हैं."

मग मला राहवलं नाही. त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं — न केलेला फोन, राहिलेली पुडी, त्याच संध्याकाळी आमच्या पातेल्यात आलेलं मीठ.

त्यानं विचारलं, "मैं नक्को बोला, ऐसा बोला तू? मेरे नाम पे?"

"हो."

"बुलाता तो सच्ची में नक्को बोलता मैं. समधी थे ना. फुकट झूठ बोला." मग पुढं सरकून हळूच विचारलं, "कैसा बना था?"

"तुझ्यासारखा."

"और नमक?"

"अगदी बरोबर."

त्यानं आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. मग उठला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाला, "शबाना, गोश्त है क्या घर में?"

त्यानं मला एकच अट घातली. विलास आणि कडूबाला खरं काय ते मी स्वतः सांगायचं. तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही, पण दोघंही हे सदर वाचतात. तर बाबांनो, रशीद तेव्हा नको म्हणाला नव्हता. आणि तुम्ही केलेली तारीफ माझी नव्हती.

मीठ त्याच्या देगचीतून आमच्या पातेल्यात कसं आलं, हे मला आजही कळलेलं नाही. रशीदला विचारलं तर रस्सा ढवळत म्हणाला, "मेरे कू नक्को पूछ. मैं तो घर में था."