भर पाण्यातली घट

गेल्या आठवड्यात मंगळवारी नामदेव वारला. तेव्हापासून मला भीती वाटते आहे. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

आर्वीजवळच्या एका जिनिंगमध्ये मी हिशेब लिहितो. नामदेव तिथे काट्यावर होता. कापसाच्या गाड्यांचं वजन तोच करायचा. दुपारी आम्ही सोबत जेवायचो. मी वाचलेलं काहीबाही सांगायचो, तो भाकर मोडत ऐकायचा.

दिवाळीत कापूस ओलसर येतो. गंजीत वाळतो, वजन उतरतं — ती घट. सगळ्याच जिनिंगमध्ये ती लिहितात, कुणी विचारत नाही. वाऱ्याला जाब कोण विचारणार? मी दर महिन्याला खऱ्या घटीपेक्षा थोडी जास्त लिहायचो. तेवढा कापूस एक व्यापारी बिनापावती न्यायचा, पैसे मला द्यायचा. कशासाठी हवे होते ते लिहीत नाही. लिहिलं की ते कारण वाटेल.

मग एका हिवाळ्यात अवकाळी पाऊस लागून राहिला. पापड सादळावेत अशी हवा. आणि मी — सवयीने — नेहमीचीच घट लिहिली. जिनिंगच्या मालकांनी, शेठजींनी, स्क्रीनवर बोट ठेवलं. "काऊन दिवाणजी, भर पाण्यात कापूस वाळून राह्यला काय?"

ते हसत होते. मी म्हणालो, "काट्यावरून येतं तेच मी लिहितो, शेठजी."

नाव घेतलं नाही — नाव घेतलं नाही, असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आलो? त्याच संध्याकाळी नामदेवला काढलं. जाताना तो माझ्या टेबलाशी थांबला. "तुमाले तं माहीत हाय न भाऊ, काटा मी कसा ठेवतो?" मी होकारार्थी मान हलवली. त्यानंतर घाबरून मी जास्तीची घट लिहिलीच नाही. नामदेव गेला आणि घट कमी झाली — शेठजींची खात्रीच पटली. पुढे कुणी त्याला काट्यावर बसवलं नाही.

मंगळवारी मीही खांदा दिला. निघताना शांतावहिनींनी, त्याच्या बायकोने, थांबवलं.

"तेरवीले येजा भाऊ. शेठजीले बी बलावलं हाय. त्यायच्यापुढं तुमीच सांगा, माहा मानूस चोर नोता. तुमचं आयकतीन ते."

मी हो म्हणालो.

उद्या तेरवी आहे. शेठजींनी मला त्यांच्याच गाडीतून यायला सांगितलं आहे.