मनकर्णाबाई पत्ते पिसायला शिकल्या

मनकर्णा खंडारे यांचा उजवा हात प्लास्टरमधून निघाला, तेव्हा तो त्यांना आपला वाटेचना. अंगणातल्या ओल्या फरशीवर पाय घसरला, मनगट मोडलं आणि सहा आठवडे हात गळ्यात बांधून हिंडावं लागलं होतं. आता प्लास्टर सुटलं, पण बोटं मिटायचं नाव घेईनात. चौतीस वर्षं त्यांनी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली होती, त्यातली शेवटची बारा भातकुली तालुक्यात. गावोगावच्या लेकरांच्या दंडावर याच बोटांनी लस टोचली होती. आता त्यांना पोळीचा घास मोडता येत नव्हता.

अमरावतीच्या ज्या दवाखान्यात त्या व्यायामासाठी जायच्या, तिथली रश्मी वयानं त्यांच्या मुलीएवढी. पहिल्या आठवड्यात तिनं चेंडू दाबायला दिला. दुसऱ्या आठवड्यात तिनं त्यांच्यासमोर पत्त्यांचा कॅट ठेवला.

"काकू, हे टेबलावर मांडायचे. एकेक पान चिमटीत उचलायचं, उलटायचं, परत ठेवायचं."

"पत्ते?" मनकर्णाबाई दचकल्या. "आमच्या घरी पत्ते चालत नाहीत व माय."

हा नियम त्यांच्या नवऱ्याचा, देवरावांचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा शांत माणूस दोनच गोष्टींवर आवाज चढवायचा, उघड्या नळावर आणि पत्त्यांवर. पोळ्याला गावात पारावर पैसे लावून पत्ते कुटणारी मंडळी लहानपणी पाहिली, तेव्हापासून पत्ते म्हणजे जुगार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

"मग घरी नका नेऊ. इथंच करा," रश्मी म्हणाली.

त्या करू लागल्या. बावन्न पानं उचलायला पाऊण तास लागायचा. शेजारी खिडकीपाशी एक सत्तरीचे गृहस्थ कप्पीवरची दोरी ओढत बसायचे. हे नत्थुजी, चांदूर रेल्वेचे शिंपी. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. तीन-चार दिवस ते मनकर्णाबाईंची धडपड बघत होते. एक दिवस दोरी सोडून जवळ आले.

"सिस्टरबाई, पाहू द्या बरं तो कॅट."

त्यांनी पानं पिसली, पंख्यासारखी उघडली. "वढा एक. मले दाखवू नोका."

मनकर्णाबाईंनी ओढलं. किलवरची सत्ती. ती त्यांनी सांगितल्याप्रमाणे कॅटवर ठेवली.

"आता तुमच्याच हातानं काटा."

"पिसू का मंग?"

"नाही नाही, पिसू नोका. काटा."

त्यांनी कॅट काटला. नत्थुजी एकेक पान सुलटं करत गेले. राणी, पंजा, एक्का, चव्वी... मग किलवरच्या सत्तीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे तुमचं."

मनकर्णाबाई हसल्या नाहीत, त्यांनी टाळीही वाजवली नाही. "कसं काय केलं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"थे नाही सांगता येत."

तरुणपणी चांदूरला एक जादूगार खेळ घेऊन आला होता. त्याच्या कोटाला आतून अकरा चोरखिसे नत्थुजींनी शिवून दिले. त्यानं खूश होऊन हा एक खेळ शिकवला आणि कोणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. "चाळीस वर्षं झाली बाई. माह्या बायकोलेही नाही सांगितलं."

पण मनकर्णाबाईंचा स्वभाव वेगळा होता. रक्तदाब मोजायचं नवं यंत्र उपकेंद्रात आलं, तेव्हा आधी ते उघडून पाहिलं आणि मग पेशंटच्या दंडाला लावलं, अशी ही बाई. दुसऱ्या दिवशी त्या तर्क घेऊनच आल्या.

"तुमी माह्या पानाचा कोपरा दुमडला."

नत्थुजींनी सगळी पानं त्यांच्या हातात दिली. एकही कोपरा दुमडलेला नव्हता.

"मंग तुमच्या चष्म्यात दिसलं असंन."

नत्थुजींनी चष्मा काढून खिशात ठेवला, परत खेळ केला आणि परत पान ओळखलं.

"मंग पाठीवर खूण हाये."

"कॅट रश्मी मॅडमचा. म्या थोडीच घरून आणला?" नत्थुजी हसत दोरीकडे गेले.

त्या दिवशी मनकर्णाबाईंनी कॅट पर्समध्ये टाकून घरी नेला.

देवरावांनी तो टेबलावर पाहिला. "हे काय आणलं?"

"औषध हाये," त्या म्हणाल्या. "रोज दोन येळा."

देवराव पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पाहुणे आले तं झाकून ठेवत जा."

मनकर्णाबाईंनी सगळी पानं पालथी मांडली. पाठीवर निळी वेल, वेलीच्या दोन्ही टोकांना एकेक फूल. वरून बघा, खालून बघा, सारखंच. कोणाचंही लक्ष गेलं नसतं. पण त्यांचा हात अजून इतका हळू चालत होता की प्रत्येक पान डोळ्यांसमोर बराच वेळ थांबायचं. लसीच्या कुपीवरचे बारीक आकडे वाचण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या डोळ्यांना तिसऱ्या दिवशी ते दिसलं. एका टोकाच्या फुलाला सहा पाकळ्या होत्या, दुसऱ्या टोकाच्या फुलाला पाच.

सगळी पानं एकाच दिशेनं लावली, म्हणजे सहा पाकळ्या वर. समोरच्यानं पान ओढलं आणि तो ते बघत असताना आपण कॅट हळूच फिरवला, तर त्याचं पान परत आत जाताना बाकीच्यांपेक्षा उलटं जाईल. मग कितीही पिसा, ते एकटंच वेगळं दिसणार. सापडलं! नत्थुजींची चोरी पकडली, या आनंदात त्यांनी चहा दोनदा टाकला.

मग प्रयोग देवरावांवर. ते नाही-नाही म्हणत बसले, दोन बोटांनी कडेला धरून एक पान ओढलं, बघितलं, आत घातलं.

"आता पिसा."

"मले नाही येत पिसता."

"जमंन तसं करा."

देवरावांनी कॅट टेबलावर ओतला आणि दोन्ही हातांनी पीठ कालवावं तसा कालवला. मनकर्णाबाईंनी पानं गोळा केली, पाहतात तर अर्ध्या पानांच्या सहा पाकळ्या वर, अर्ध्यांच्या खाली. त्यांनी धीर करून एक उचललं. "बदामचा नव्वा?"

"नाही," देवराव समाधानानं म्हणाले.

त्यांनी आणखी एक उचललं. तेही नव्हतं. देवराव उठून गेले, पण दारातून वळून म्हणाले, "मंग कसं ओळखणार होती?"

"थे नाही सांगता येत," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच उत्तराचं त्यांना हसू आलं.

यातून त्या दोन गोष्टी शिकल्या. कॅट टेबलावर ओतू द्यायचा नाही, आणि समोरच्याला पिसता येतं का हे आधी विचारायचं. मग आरशासमोर बसून सराव सुरू झाला. कॅट फिरवायची जागा सापडेना. नुसता फिरवला तर दिसायचा. पदर सावरायच्या निमित्तानं हात बदलला, की मात्र कोणाला काही कळायचं नाही. बोटं दुखत होती, पण आता किती वेळ झाला याकडे त्यांचं लक्ष नसायचं. "काकू, मूठ मिटली की!" एक दिवस रश्मीच म्हणाली, तेव्हा त्यांना कळलं.

सोमवारी त्यांनी नत्थुजींसमोर कॅट धरला. "वढा एक." नत्थुजींनी ओढलं, पाहिलं. तेवढ्यात पदर सावरून झाला होता. पान आत गेलं.

"आता पिसा. येते ना?"

"पिसू?" नत्थुजी थबकले. "बाई, पिसलं तं गेलं सारं."

"पिसा जी तुमी."

त्यांनी दुखऱ्या खांद्यानं, पण मन लावून पिसलं. मनकर्णाबाईंनी पानं पालथीच पसरली, त्यांवरून नजर फिरवली आणि एक सुलटं करून पुढं सरकवलं. "चौकटचा गुलाम असंन तर सांगा."

गुलामच होता. नत्थुजींनी तो हातात घेतला, मागून-पुढून पाहिला.

"हे कुठून शिकलं?"

"तुमचंच तं हाये. म्या पकडलं."

"मायं?" म्हातारा खुर्चीत बसला. "मले तं हे मालूमच नाही! माह्या खेळात पिसलं तं खेळ खलास."

चोर पकडायला गेलेल्या मनकर्णाबाईंच्या हाती दुसराच खेळ लागला होता, जो नत्थुजींना चाळीस वर्षांत कोणी दाखवला नव्हता.

"म्या काही शपथ नाही घेतली," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाकळ्या मोजून दाखवल्या. नत्थुजी शिंप्याच्या नजरेनं वेल न्याहाळत होते. "नक्षी उलटी लागली कापडाले, असं म्हना की!"

मग त्यांनी कॅट घेतला. "सांगणार तं नाही. पन एकडाव करतो, हळू." त्यांनी पानं पिसली आणि या वेळी कॅट असा तिरपा धरला, की सगळ्यात तळाचं पान मनकर्णाबाईंच्या तोंडासमोर आलं. इस्पिकची दुरी. मग ओढायला लावलं, वर ठेवायला लावलं, काटायला लावलं. एकेक पान सुलटं करू लागले. इस्पिकची दुरी आली, आणि तिच्यामागचंच पान मनकर्णाबाईंचं निघालं.

"अस्सं!" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की रश्मी आतून धावत आली. काटलं की तळाचं पान ओढलेल्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसतं, आणि पिसलं तर जोडी फुटते. एवढंच होतं.

"म्या काही सांगितलं नाही," नत्थुजी म्हणाले.

"नाहीच सांगितलं," त्या म्हणाल्या.

मनगट आता थोडं वाकडं राहिलंय, पण मूठ मिटते. व्यायाम संपून वर्ष झालं. मनकर्णाबाईंची मुलगी नीलम अकोल्याला असते. तिच्या घराजवळच्या एका वाचनालयाच्या व्हरांड्यात महिन्यातल्या एका रविवारी पत्त्यांचे खेळ शिकणारे सात-आठ जण जमतात. मनकर्णाबाई त्यांच्यात वयानं सगळ्यांत मोठ्या, आणि प्रश्न विचारण्यातही.

मागच्या खेपेला करिश्मा नावाच्या कॉलेजच्या मुलीनं त्यांच्याच हातात कॅट दिला, पान त्यांनाच मनात धरायला सांगितलं, कशालाही हात लावला नाही आणि बरोबर ओळखलं. मनकर्णाबाईंनी तीन तर्क लढवले. तिन्ही चुकले.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून त्यांनी मूर्तिजापूर येईपर्यंत चौथा शोधला, आणि बडनेऱ्याच्या आधीच तो खोडूनही टाकला.